वयस्कर बोका कुंथतोय: इसबगोल, लॅक्टुलोज की डॉक्टर? (नागपूर)

मांजरपाट · सोमवार, सकाळी ७:४०

बोका, नसबंदी झालेला, वय १४ वर्षं, वजन ४.१ किलो. राहणं मानेवाड्याला. शेवटची शी शुक्रवारी रात्री, तीसुद्धा तीन-चार सुकलेले खडे. कालपासून दिवसातून पाच-सहा वेळा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो आणि काही न करता बाहेर येतो. आज पहाटे पिवळट फेस ओकला. खाणं निम्म्यावर आलंय. मागच्या दिवाळीतल्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) २.४, म्हणजे वाढलेलं होतं. आहार मुख्यतः कोरडा, दिवसाला साधारण ५५ ग्रॅम, संध्याकाळी थोडं उकडलेलं चिकन. घरात इसबगोल, एरंडेल, क्रेमाफिन आणि आजोबांचं लॅक्टुलोज आहे. यातलं काय आणि किती देता येईल? आजच डॉक्टर गाठावा लागेल का?

गोरेवाडा · ७:५२

बाकी सगळं नंतर. आधी सांगा, लघवी कधी केली? बोका ट्रेमध्ये बसून कुंथतो तेव्हा घरच्यांना शी अडकली असं वाटतं, आणि अडकलेली असते लघवी. दोन्हींत बसण्याची ढब जवळजवळ सारखीच दिसते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो. तो पूर्ण बंद झाला की पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ट्रेमधले रेतीचे ओले गोळे मोजा. काल रात्रीपासून एकही गोळा नसेल तर हा धागा वाचत बसू नका, लगेच निघा.

मांजरपाट · ७:५८

रात्री दोन मोठे गोळे, पहाटे एक. प्रत्येक मुठीएवढा.

गोरेवाडा · ८:०१

मग लघवी मोकळी आहे. ट्रे साफ केलात तर वेळ लिहून ठेवा, म्हणजे पुढचा गोळा कधीचा ते कळेल.

अंबाझरीकाठ · ८:३०

मांजरपाट ताई, आजच न्या. कारणं क्रमाने सांगते.

निरोगी मांजराला साधारण रोज एकदा शी होते. ४८ तास उलटले की लक्ष द्यायचं आणि तिसरा दिवस लागला की दाखवायचं, हा साधा नियम. तुमच्याकडे अडीच दिवस झालेत, वर उलटी आणि कमी खाणं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की घरगुती उपायांची वेळ निघून गेलेली असते. शिवाय मांजराने दोन-तीन दिवस धड खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचण्याचा वेगळाच धोका उभा राहतो. जाड मांजराला तो जास्त, पण सडपातळांनाही होतो.

आता घरातल्या चार बाटल्यांबद्दल.

एरंडेल नको. त्याने आतड्याला मुरडा येतो, आणि पुढे सुकलेला खडा आडवा असेल तर मुरडा येऊनही तो हलत नाही, नुसत्या वेदना होतात.

क्रेमाफिन नको, याची दोन कारणं. त्यात लिक्विड पॅराफिन असतं. ते बेचव आणि बुळबुळीत असल्याने मांजराला घशात काही आहे हे कळत नाही, खोकला येत नाही, आणि तेल सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. तेलाचा न्यूमोनिया बरा करणं फार अवघड. दुसरा घटक मिल्क ऑफ मॅग्नेशिया. ज्याची किडनी आधीच अशक्त आहे त्याच्या रक्तात मॅग्नेशियम साचत जातं.

इसबगोल आज नको. त्याला फुगायला पाणी लागतं आणि तुमच्या बोक्याच्या आतड्यात पाणीच नाही. कोरड्या आतड्यात इसबगोल म्हणजे अडकलेल्या गोळ्यावर आणखी गोळा.

लॅक्टुलोज हे मांजरांचं खरं औषध आहे, पण ते आजच्या दिवसाचं नाही. त्याचा गुण यायला एक ते तीन दिवस लागतात, आणि ते पाणी शरीरातूनच आतड्यात ओढतं. सुकलेल्या मांजराला आधी पाणी, मग लॅक्टुलोज.

पाचवी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच म्हणून लिहिते. मेडिकलमध्ये मिळणारा तयार एनिमा मांजराला कधीही द्यायचा नाही. त्यातले बहुतेक सोडियम फॉस्फेटचे असतात. मांजराच्या शरीरात ते फॉस्फेट झपाट्याने शोषलं जातं, कॅल्शियम कोसळतं, झटके येतात आणि मांजर दगावतं. लहान मुलांचा असला तरी तेच.

तर्रीपोहा · ८:४४

इसबगोलला इतकं वाईट नका म्हणू ताई. पुष्कळ मांजरांना त्याचा फायदा होते. पाव चमचा इसबगोल तीन मोठे चमचे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचं, खिरीसारखं झालं की ओल्या खाण्यात कालवून द्यायचं. कोरडं भुरभुरवायचं नाही. संत्र्याच्या चवीचं पाकीट तर अजिबात नाही, त्यात साखर, आम्लं आणि रंग राहते.

अंबाझरीकाठ · ९:०५

तुमची पद्धत बरोबर आहे, मांजर वेगळं आहे. ज्याचं आतडं अजून नीट हलतं, जे पाणी भरपूर पितं किंवा ओलं खातं, जे थोडं जाड आणि आळशी आहे, त्याला तंतूंचा उपयोग होतो. तिथे भिजवलेलं इसबगोल किंवा एक-दोन चमचे उकडलेला लाल भोपळा, मीठ-फोडणी काही नाही, हे ठीक. पण किडनीचं म्हातारं मांजर जास्त लघवी करतं, सतत थोडं सुकलेलं असतं, आणि त्याचं मोठं आतडं उरलेलं पाणीही शोषून घेतं. त्याला तंतू दिले की शी आकाराने वाढते, मऊ होत नाही. आधीच ताणलेल्या आतड्याला मोठा गोळा ढकलायला लावायचा हे उलटं काम झालं. अशा मांजराला कमी चोथ्याचं, सहज पचणारं, ओलं खाणं बरं.

तर्रीपोहा · ९:०९

हे मान्य. आधी पाणी पाहायचं, मग इसबगोल.

सेमिनरी_टेकडी · ९:२०

जायच्या आधीची तयारी. मे महिना आहे, पारा ४५ च्या आसपास. ऑटोत दुपारी बाराला पिंजरा घेऊन बसलात तर वीस मिनिटांत मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागेल. दहाच्या आत पोचा. ते जमणार नसेल तर एसी गाडी बघा. पिंजऱ्यात ओलसर पंचा पसरा, वरून पातळ सुती ओढणी, पण बाजूच्या जाळ्या मोकळ्या. बर्फाची बाटली कपड्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवली तर चालते, अंगाला चिकटू द्यायची नाही.

फोन करून तीन गोष्टी विचारा: एक्स-रे तिथेच होतो का, रक्ताचा अहवाल आज मिळेल का, आणि गरज पडली तर भूल देऊन नळी घालण्याची सोय आहे का. खाजगी दवाखान्यात एक्स-रे नसेल तर दोनदा उन्हातान्हात फिरणं होतं. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे, तिथे शिकवणारे डॉक्टर बघतात. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो. कुत्र्यांची गर्दी असते, म्हणून पिंजरा जमिनीवर न ठेवता मांडीवर किंवा बाकावर, झाकून.

सोबत न्या: दिवाळीतला अहवाल, चालू औषधांची यादी, आणि शुक्रवारचा एखादा खडा राहिला असेल तर पिशवीत घालून. डॉक्टरांना तो बघून बरंच कळतं.

गोरेवाडा · ९:२८

औषधांच्या यादीला जोड. किडनीच्या मांजराला फॉस्फरस बांधणारं ॲल्युमिनियमचं औषध चालू असेल तर त्यानेही कोठा घट्ट होतो. लोहाचं टॉनिक, पोटातल्या जखमांवरचं सुक्राल्फेट, ॲलर्जीच्या गोळ्या, काही वेदनाशामकं यांनीही तेच. लघवी वाढवणारी गोळी शरीर सुकवते. यादीत हे काही असेल तर आधी तेच सांगा.

आणि दुखतंय असं वाटून पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा नको. मांजराचं यकृत ते फोडू शकत नाही. अर्ध्या गोळीत मांजर दगावू शकतं.

शुक्रवार_तलाव · ९:४१

शेपटीखाली एकदा बघून घ्या. लांब केसांच्या मांजरांत गुदद्वाराभोवती केसांचा शीने माखलेला गठ्ठा होतो आणि शी बाहेरच्या बाहेर अडते. आत सगळं ठीक असतं. तो गठ्ठा कात्रीने नाही, ट्रिमरने काढायचा, कारण तिथली कातडी कागदासारखी पातळ.

तिथे दोरा किंवा मांजा लोंबत असेल तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलेलं असू शकतं आणि ओढलं की आतडं कापतं. संक्रांतीनंतर कित्येक दिवस गच्चीवर, झाडांत मांजा पडून असतो, आणि शिवणाचा दोरा तर बाराही महिने.

मांजरपाट · संध्याकाळी ६:१५

शेपटीखाली स्वच्छ होतं. दवाखान्यात झालेलं असं. पोटात हाताला माळेच्या मण्यांसारखे खडे लागले. एक्स-रेवर मोठ्या आतड्याची सर्वात रुंद जागा कमरेच्या पाचव्या मणक्याच्या लांबीच्या १.३५ पट. खुबे आणि गुडघे झिजलेले दिसले. रक्तात क्रिएटिनिन २.९, पोटॅशियम ३.३, कॅल्शियम ठीक. कोमट पाण्याचा एनिमा, मऊ नळीने हळूहळू, साधारण ३० मिली. बरीच शी निघाली. कातडीखाली आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईन १०० मिली. घरी लॅक्टुलोज २ मिली दिवसातून दोनदा, पोटॅशियम, ओलं खाणं. पाच दिवसांनी परत. आता हे सगळं नीट कसं करायचं, ते सांगा. चमच्याने लॅक्टुलोज पाजताना अर्धं अंगावर सांडलं.

अंबाझरीकाठ · ६:५०

चांगली तपासणी झाली आहे. एकेक आकडा बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

१.३५ या आकड्याचा अर्थ: हे गुणोत्तर १.२८ च्या खाली असेल तर आतडं सामान्य, १.४८ च्या वर गेलं तर मेगाकोलन, म्हणजे ताणून सैल झालेलं, परत न आकसणारं आतडं. तुम्ही मधे आहात. इथून मागे फिरता येतं. पुन्हा पुन्हा चार-चार दिवस अडकू दिलं तर नाही.

पोटॅशियम ३.३ कमी आहे. किडनीच्या मांजराच्या लघवीतून ते वाहून जातं आणि स्नायू ढिले पडतात. मागच्या पायांचे स्नायू तर दिसतात, आतड्याच्या भिंतीतलेही स्नायूच. हे भरून आल्याशिवाय नुसत्या जुलाबाच्या औषधाने काम होणार नाही. डोस चुकवू नका आणि स्वतःहून वाढवूही नका, कारण पोटॅशियम जास्त झालं तर हृदय थांबतं.

क्रिएटिनिन २.९ बघून घाबरू नका. किडनीच्या टप्प्यांत १.६ ते २.८ हा दुसरा टप्पा आणि २.९ ते ५.० तिसरा. पण टप्पा ठरवायचा तो मांजर पाण्याने भरलेलं आणि स्थिर असताना. सुकलेल्या मांजरात हा आकडा फुगतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा क्रिएटिनिन, त्यासोबत लघवीची विशिष्ट घनता आणि रक्तदाब करून घ्या. घनता १.०३५ च्या खाली राहिली तर किडनी पाणी धरू शकत नाही, आणि कोठ्याचं मूळ तिथेच आहे. रक्तदाब १६० च्या वर असेल तर डोळे आणि किडनी दोन्हींना इजा.

झिजलेल्या खुब्यांबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल. शी करताना मांजर मागच्या पायांवर उकिडवं बसून तोल धरतं. खुबे दुखत असतील तर ते अर्ध्यातच उठतं, शी आत राहते, आतडं तिच्यातलं पाणी आणखी ओढतं, दुसऱ्या दिवशी ती दगड झालेली असते, आणि मग कुंथणं आणखी दुखतं. बारा वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज दिसते. आपण म्हणतो वय झालं, म्हणून उडी मारत नाही. वेदनेवर काय देता येईल हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. किडनी बघून ते गाबापेंटिन सुचवू शकतात. ते आणताना पाकिटावर नीट वाचा: आपल्याकडे गाबापेंटिनच्या बऱ्याच गोळ्यांत मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिन मिसळलेलं असतं. मांजराला फक्त साधं गाबापेंटिन, आणि किडनीच्या मांजराला नेहमीपेक्षा कमी.

सेमिनरी_टेकडी · ७:१०

लॅक्टुलोज पाजण्याची रीत.

चमचा सोडा. ३ मिलीची, सुई काढलेली सिरिंज घ्या. लेबलवर १५ मिलीत १० ग्रॅम असं लिहिलंय ना बघा, डोस त्याच हिशेबाचे असतात: अंदाजे अर्धा मिली दर किलोला, दिवसातून दोन ते तीन वेळा. ४.१ किलोला २ मिली बरोबर बसतं. सोबत सोडियम पिकोसल्फेट किंवा इसबगोल मिसळलेली बाटली असेल तर परत करा.

मांजराला ओट्यावर पंच्यावर बसवा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. डोकं वर करायचं नाही, सरळच ठेवा. ओठाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागच्या फटीत सिरिंजचं टोक गालाकडे वळवून ठेवा आणि अर्धा मिली सोडा. गिळताना गळा हलतो, तो हलला की पुढचा अर्धा. एकदम दोन मिली घशात मारलं तर श्वासात जातं. शेवटी पाच मिली साधं पाणी तसंच, थोडं थोडं. त्याने तोंड धुतलं जातं आणि पाणीही पोटात जातं.

मग हनुवटी, गळा आणि पुढचे पंजे ओल्या फडक्याने पुसा. लॅक्टुलोज पाकासारखं चिकट. तासाभरात त्या जागी मुंग्या येतात आणि मांजराच्या केसांत शिरतात. सिरिंज गरम पाण्यात तीन-चार वेळा ओढून धुवा, नाहीतर दट्ट्या दुसऱ्या दिवशी अडकतो आणि जोर लावला की सगळं एकदम सुटतं.

बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू नका. तीस अंशांच्या वर बरेच दिवस राहिली की रंग गडद होतो. किंचित पिवळसर-तपकिरी चालते, खूप काळी किंवा गढूळ झाली की टाका.

तर्रीपोहा · ७:२२

पाजणं जमतच नसेल तर डॉक्टरांना पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३३५० विचारा. चव नाही, वास नाही, ओल्या खाण्यात विरघळून जाते. मांजराला आठवा ते पाव चहाचा चमचा, दिवसातून दोनदा, इतकंच लागते. फक्त दुर्बीण तपासणीच्या आधी पोट रिकामं करायचं पाकीट नका आणू. त्यात क्षार मिसळलेले राहतात, खारट लागते, मांजर तोंड लावत नाही. रोजच्या वापराला क्षार नसलेली पावडर पाहिजे.

मांजरपाट · ७:३०

डोस वाढवायचा की कमी करायचा हे कशावरून कळेल?

गोरेवाडा · ७:४८

शीवरून. रोज बघा आणि लिहा. चांगली शी करंगळी ते मधल्या बोटाएवढी जाड, सलग, दाबली तर किंचित चेपते, आणि रेती तिला चिकटते. सुकलेली शी शेळीच्या लेंड्यांसारखी, सुटी, फावड्यावर खडखड वाजणारी, आणि तिच्यावर रेतीचा कण चिकटत नाही. बाहेर रेती चिकटण्याइतका ओलावा नाही, म्हणजे आत घसरण्याइतकाही नाही. खडे दिसले की दर डोसला अर्धा मिली वाढ, डॉक्टरांना सांगून. शी अगदी पातळ झाली तर एक डोस गाळा आणि पुढे अर्धा मिली कमी. जुलाब होऊ देणं चांगलं नाही, त्यातून पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जातं.

एक फसवी गोष्ट. कधी कधी पातळ, पाण्यासारखी, थोडी रक्ताची शी दिसते आणि घरचे जुलाब समजून थांबवायचं औषध देतात. आत घट्ट गोळा असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असतं. मांजर कुंथतंय आणि थेंब थेंब पातळ येतंय, तर तो मलावरोधच समजा आणि दाखवा.

अंबाझरीकाठ · ८:१०

आता पाणी. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

मांजराला दिवसाला दर किलोला साधारण ५० मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. तुमच्या बोक्याला म्हणजे २०० मिली, आणि किडनीमुळे, उन्हामुळे त्याहून जास्त. ५५ ग्रॅम कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम ५ मिली. उरलेलं सगळं त्याने वाटीतून प्यायला हवं, आणि मांजर तेवढं पीत नाही. ८५ ग्रॅमच्या एका ओल्या पाऊचमध्ये साधारण ६५ ते ७० मिली पाणी असतं. दोन पाऊच म्हणजे १३५, त्यात प्रत्येकी दोन मोठे चमचे कोमट पाणी कालवलं की १९५. भांड्यातून थोडं जरी प्यायलं तरी हिशेब बसला.

बदल एका दिवसात करू नका. म्हातारं मांजर रुसलं की खाणंच सोडतं. पहिले तीन दिवस चौथा हिस्सा ओलं, मग निम्मं, मग सगळं. फ्रिजमधलं पाऊच थंड देऊ नका, गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं ठेवून अंगाएवढं कोमट करा, वास येतो. किडनीचा आहार असेल तर त्याचंच ओलं घ्या.

उकडलेलं चिकन चव म्हणून एक-दोन चमचे ठीक. नुसतं चिकन हे पूर्ण अन्न नाही, त्यात कॅल्शियम नाही, टॉरिन हा मांजराला लागणारा घटकही उकळताना पाण्यात उतरतो, आणि फॉस्फरस किडनीला जड. ज्या पाण्यात शिजवलंत ते पाणी मात्र गाळून, चरबी काढून जरूर द्या. त्यात मीठ, कांदा, लसूण काही पडलेलं नको. कांदा-लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात.

दूध उपाय नाही. त्याने वायू धरतो किंवा ढाळ लागतात.

शुक्रवार_तलाव · ८:२५

पाण्याची भांडी तीन, वेगवेगळ्या खोल्यांत, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब. पसरट, काठोकाठ भरलेली, मिशा टेकणार नाहीत अशी. काच किंवा चिनीमाती. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, वाटीतलं पाणी दुपारी चहाएवढं गरम होतं, म्हणून दोन-तीनदा बदला. माठाखालच्या थाळीतलं गार पाणी मांजरांना फार आवडतं, ती थाळी रोज घासून ठेवा. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र पिऊ देऊ नका. डासांसाठी त्यात तेल किंवा औषध टाकलेलं असतं, आणि नसलं तरी वाळ्याचा गाळ साचतो.

सेमिनरी_टेकडी · ८:५५

ट्रे बदला. बाजारातले ट्रे बहुतेक लहान आणि उंच काठाचे. खुबे दुखणाऱ्या मांजराला आत जायलाच नको वाटतं. कपडे ठेवायचा मोठा, उथळ प्लास्टिकचा डबा घ्या. लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या दीडपट. एका बाजूने काठ पाच-सहा सेंटिमीटरवर कापा. कापलेली कड घासकागदाने गुळगुळीत करा, नाहीतर पोटाला खरचटतं. रेती तीन-चार सेंटिमीटर, बारीक आणि बिनवासाची. खूप जाड थरात पाय रुततात आणि तोल जातो. झाकणाचा ट्रे नको.

घरात एक मांजर असलं तरी ट्रे दोन, आणि रात्री मांजर झोपतं त्या खोलीतच एक. ट्रेपर्यंतच्या फरशीवर जुनी सतरंजी टाका, टाइल्सवर मागचे पाय फाकतात.

नखंही बघा. म्हाताऱ्या मांजराची नखं वाढून पंजाच्या गादीत रुततात, आणि मग रेतीत पाय ठेवणंच दुखतं.

मांजरपाट · मंगळवार, सकाळी ८:०५

डॉक्टरांनी विचारलंय, कातडीखालची सलाईन घरी द्यायला शिकाल का म्हणून. आठवड्यातून दोनदा, १०० मिली.

गोरेवाडा · ८:४०

शिका. पहिल्या दोन वेळा त्यांच्या समोर स्वतःच्या हाताने द्या, मग घरी. त्याआधी एक विचारा: हृदय ऐकलंय का, मर्मर, म्हणजे ठोक्यासोबत जादा फुसफुस आवाज, आहे का. हृदय अशक्त असलेल्या मांजराला हीच सलाईन फुप्फुसात पाणी भरते.

आरएलची बाटली, सेट, आणि दर वेळी नवी सुई, १८ किंवा २० नंबरची. डेक्स्ट्रोजची बाटली चुकूनही नाही, कातडीखाली तिने गळू होऊ शकतं. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं, मनगटावर थेंब टाकून बघा. खिळ्याला किंवा पडद्याच्या दांडीला मांजरापेक्षा तीन-चार फूट वर टांगा. नळीतली हवा आधी वाहून जाऊ द्या. बाटलीवर पेनाने सुरुवातीची आणि थांबायची खूण करा.

दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की तंबू होतो. सुई त्या तंबूच्या बुडाशी, पाठीच्या रेषेला समांतर, तिरकी बाजू वर. भीतभीत टोचली तर जास्त दुखतं, एका झटक्यात घाला. केस ओले झाले तर सुई आरपार गेली आहे. थेंब अडले तर सुई किंचित फिरवा. १०० मिलीला पाच ते दहा मिनिटं. काढल्यावर त्या जागी चिमटीने मिनिटभर दाबा. पाठीवर उंटासारखा फुगा येतो आणि काही तासांत पुढच्या पायाकडे ओघळतो, घाबरू नका. पुढच्या वेळी आधीचा फुगा उरलेला दिसला, किंवा श्वास जलद झाला, तर नवी सलाईन न देता फोन करा. झोपेतले श्वास मिनिटाला तीसच्या आत असावेत.

अंबाझरीकाठ · ९:१५

पुढे कधी लॅक्टुलोज पुरेनासं झालं तर आतड्याची हालचाल वाढवणारं औषध जोडतात. जगभर मांजरांसाठी त्यात सिसाप्राइडचं नाव पहिलं. माणसांत हृदयाचे ठोके बिघडवत असल्याने आपल्याकडे २०११ साली त्याच्या मानवी वापरावर बंदी आली आणि ते दुकानातून गेलं. त्यामुळे आपले डॉक्टर मोसाप्राइड किंवा प्रुकालोप्राइड वापरून बघतात. घरात पडलेलं डॉमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड देऊ नका, ती पोटाच्या वरच्या भागावर काम करतात, मोठ्या आतड्यावर नाही. आणि गोळा अडकलेला असताना हालचालीचं कुठलंच औषध नाही, आधी मोकळं करणं.

पूर्ण अडकलेल्या मांजराला आधी शिरेतून सलाईन. मग नाकातून बारीक नळी घालून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं क्षारयुक्त द्रावण, दर किलोला तासाला ६ ते १० मिली, थेंब थेंब. बहुतेकांचं पोट अर्ध्या-एक दिवसात उतरतं. त्यानेही नाही झालं तर भूल देऊन, श्वासनलिकेत नळी टाकून, बोटाने आणि पाण्याने काढतात. फार असेल तर दोन दिवसांत विभागून, कारण ताणलेली भिंत फाटू शकते. हे वारंवार करावं लागलं तर मोठ्या आतड्याचा बहुतेक भाग काढण्याची शस्त्रक्रिया. त्यानंतर काही आठवडे शी पातळ राहते, मग बरीचशी बांधली जाते. चौदाव्या वर्षी किडनी बघून तो निर्णय अवघड असतो. म्हणून आता रोजच्या २ मिलीचा कंटाळा करायचा नाही.

तर्रीपोहा · ९:२१

वजन दर रविवारी करा. तुमचं स्वतःचं, मग मांजर घेऊन, असं नका करू, त्यात अर्धा किलो इकडेतिकडे होते. बाळांचा काटा किंवा सामानाचा लटकता काटा, त्याला पिशवी. चार किलोच्या मांजराचं दोनशे ग्रॅम कमी झालं तर ते खूप आहे बाप्पा.

मांजरपाट · गुरुवार, सकाळी ६:५०

काल दिवसभर काही नाही. आज पहाटे पाचला नव्या डब्यात एक, सलग, साधारण सहा सेंटिमीटर. रेती सगळीकडून चिकटलेली. कुंथला नाही. नंतर पाऊच अर्धं खाल्लं.

गोरेवाडा · ७:०४

हाच डोस ठेवा, आज वाढवू नका आणि बंदही करू नका. उद्या रात्रीपर्यंत दुसरी झाली नाही तर शनिवारी सकाळी फोन. दुपारचं पाऊच देताना पाणी दोनऐवजी तीन चमचे कालवा, आज पारा कालच्यापेक्षा वर जाणार आहे.